उघड्या टपाची गाडी : काही टिपणे

१९६६ साली पॉन्टिअ‍ॅकने ९६,९४६ जीटीओ विकल्या. जीटीओचं ते सर्वांत मोठं वर्ष. त्यांपैकी १२,७९८ गाड्या उघड्या टपाच्या होत्या आणि त्यांतल्या एकीची अर्धी मालकी माझी आहे. उरलेली अर्धी शेजारच्या आजोबांची. आजोबा म्हणजे माझ्या मुलांनी मानलेले. पॉन्टिअ‍ॅक शहरातल्या मोटार कारखान्यात त्यांची उभी हयात गेली. मी साताऱ्याची, गेली बरीच वर्षं मिशिगनमध्ये मोटारींच्या सुट्या भागांच्या धंद्यात इंजिनिअर. गाडी निळसर हिरवी, आतून काळी. पुढे दोघं, मागे तिघं बसतात. मागची सीट रिकामी असताना ही गाडी बाहेर काढायला मला आवडत नाही.

*

हिची जन्मकथा मोठ्या कंपनीत नोकरी करणाऱ्या प्रत्येकाने ऐकावी अशी आहे. १९६३ च्या सुरुवातीला जनरल मोटर्सने आपल्या सगळ्या शाखांना शर्यतींतून अंग काढून घ्यायला सांगितलं. पॉन्टिअ‍ॅकची तोवरची सगळी पत शर्यतींवर उभी होती. त्यात आणखी एक नियम होता : मध्यम आकाराच्या गाडीत ३३० घनइंचांहून, म्हणजे साधारण ५.४ लिटरहून मोठं इंजिन बसवायचं नाही. जॉन डिलोरिअन तेव्हा पॉन्टिअ‍ॅकचे मुख्य अभियंता. बिल कॉलिन्स आणि रस गी हे त्यांचे सहकारी. टेम्पेस्ट या मध्यम गाडीत ३२६ घनइंचांचं इंजिन बसत होतं, आणि मोठ्या गाड्यांतलं ३८९ घनइंचांचं इंजिन बाहेरून अगदी त्याच मापाचं होतं. त्याच पायांवर, त्याच जागेत ते बसणार हे कॉलिन्सच्या ध्यानात आलं. बसवलं. गाडी उधळली.

नियमातून वाट अशी काढली की जीटीओ हे नवं मॉडेल म्हणून आणलंच नाही. टेम्पेस्टमधलीच ‘लमाँ’ ही नेहमीची गाडी घ्या आणि वर सुमारे तीनशे डॉलर देऊन हा जादा संच लावून घ्या. मर्यादा मॉडेलला होती, जादा संचाला नव्हती. शाखाप्रमुख पीट एस्टिस यांनी वरिष्ठांचा राग ओढवण्याची तयारी ठेवून होकार दिला. विक्रीप्रमुखांना भरवसा नव्हता, त्यांनी पाच हजारांची मर्यादा घातली. पहिल्या वर्षी, १९६४ मध्ये, खपल्या ३२,४५०.

अमेरिकेत जिला ‘मसल कार’ म्हणतात त्या जातीची सुरुवात बहुतेक जण इथून धरतात : मध्यम आकाराचं, परवडणाऱ्या किमतीचं शरीर आणि त्यात मोठ्या गाडीचं व्ही-८ इंजिन. आजोबांना ही गोष्ट सांगताना अजूनही हुरूप येतो. डिलोरिअन, एस्टिस ही नावं ते गावातल्या थोरामोठ्यांची घ्यावीत तशी घेतात.

*

इंजिन बंद असतानाही लोक या गाडीजवळ येतात. बंद टपाच्या जीटीओभोवती लोक फेरी मारतात आणि बॉनेट उघडायला सांगतात. उघड्या टपाच्या गाडीत ते आधी वाकून बघतात आणि मग विचारतात, बसू का? हा फरक मी कितीतरी पार्किंगमध्ये पाहिला आहे. मी बसू देते. एवढंच सांगते की जीन्सच्या मागच्या खिशाची पितळी बटणं दाराच्या रंगाला लागू देऊ नका. ‘हात लावू नका’ अशी पाटी आमच्या गाडीत नाही आणि असणारही नाही.

*

टप कापला की गाडीची ताकद जाते. काडेपेटीचं बाहेरचं टोपण काढा आणि आतला नुसता ट्रे दोन्ही हातांनी पिळून बघा. पोलादी छत गाडीसाठी काय करतं ते तिथे कळतं. जीटीओला खाली वेगळी चासी आहे. बंद टपाच्या गाड्यांत चासीच्या बाजूच्या पट्ट्या एका अंगाने उघड्या, इंग्रजी ‘सी’च्या आकाराच्या. उघड्या टपाच्या गाडीत त्याच पट्ट्या चारही बाजूंनी बंद केलेल्या, पेटीसारख्या. म्हणून ही गाडी दिसायला हलकी पण तोलायला जड. मस्टँगला वेगळी चासीच नाही, तिथे दाराखालचे उंबरे जाड करून ताकद भरून काढली.

एवढं करूनही रेल्वेचे रूळ ओलांडताना समोरच्या काचेची चौकट आणि डॅशबोर्ड अंगात आल्यासारखे थरथरतात. तो दोष आहे आणि तो राहणार. जुनी गाडी घ्यायला जाल तर रंगाआधी दाराच्या फटी बघा. वरच्या बाजूला फट अरुंद आणि खाली रुंद झाली असेल तर गाडी मध्ये खचली आहे. मग डिकीतला गालिचा उचलून पत्रा बघा. मिशिगनमध्ये हिवाळाभर रस्त्यांवर मीठ पसरतात आणि ते मीठ पन्नास-साठ वर्षांचं पोलाद शांतपणे खाऊन टाकतं. आमची गाडी पहिल्या बर्फाआधी आत जाते आणि वसंतातल्या चार-दोन मोठ्या पावसांनी रस्ते धुऊन निघाल्यावरच बाहेर येते.

*

टप उघडण्याची रीत. गाडी उभी असावी. समोरच्या काचेवरच्या दोन्ही कड्या सोडवाव्यात. खटका दाबला की मागच्या सीटमागचा छोटा विजेचा पंप तेल ढकलतो, दोन बाजूंचे दोन दांडे आखडतात आणि कापडी टप घडी घालत मागच्या खळग्यात जातो. मागची खिडकी प्लॅस्टिकची आहे. घडीत ती स्वतःवरच घासून ओरखडते, म्हणून मध्ये जुना मऊ टॉवेल घालायचा. टप ओला असताना कधीही घडी करायची नाही, बुरशी धरते. फार थंडीतही नाही, प्लॅस्टिक तडकतं.

पंपात कुठलं तेल घालावं यावर दोन मतं आहेत. पूर्वी ब्रेक ऑइल घालत. ते गळलं तर रंग उकलून काढतं. आता बरेच जण ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं लाल तेल घालतात. आम्ही लाल तेलवाले.

घडीवर झाकण घालण्याचं काम एकट्याने होतं, पण वाईट होतं. एकाने एका बाजूने ताणावं, दुसऱ्याने दुसऱ्या बाजूने बटणं दाबावीत. आजोबा डावीकडे, मी उजवीकडे. गाडी एकत्र घेण्याचं आम्ही ठरवलं ते असंच, त्यांच्याच जुन्या गाडीवर हे झाकण घालता घालता.

*

दोघांची गाडी म्हटल्यावर लोक पहिलं विचारतात की भांडणं होत नाहीत का. आम्ही सुरुवातीलाच अर्धं पान लिहून ठेवलं. खर्च निम्मा-निम्मा. कुणाचीही एक ठरावीक रकमेपुढची खरेदी दुसऱ्याला विचारल्याशिवाय नाही. एकाला विकायची झाली तर आधी दुसऱ्याला विचारायचं, आणि किंमत तिऱ्हाइताने काढलेली असावी. आमच्यापैकी कुणी गेलं तर वारसाला वर्षभर घाई करायची नाही. हे शेवटचं कलम आजोबांनी घातलं आणि मी ते लिहिताना थांबले, तर म्हणाले, लिही गं, गाडी आपल्या दोघांपेक्षा जास्त वर्षं टिकणार आहे.

विमा वेगळा असतो. अशा गाड्यांची किंमत आधीच दोन्ही बाजूंनी मान्य करून पॉलिसीत लिहितात. अपघात झाला तर घसारा न लावता तेवढी रक्कम मिळते. बदल्यात अटी असतात : बंद गॅरेज हवं, रोज कामावर जायला वापरायची नाही, चालवणाऱ्याचा परवाना स्वच्छ हवा. भाड्याने देणं त्यात सहसा बसत नाही. हौशी गाडीमालकांकडून इंटरनेटवर दिवसाच्या भाड्याने जुन्या गाड्या घेता येतात, त्यासाठी वेगळा विमा लागतो. मला तो मार्ग वाईट वाटत नाही. ज्याच्याकडे गॅरेज नाही, पैसे नाहीत, त्यालाही एक रविवार मिळावा.

*

मिशिगनचा एक कायदा मला फार आवडतो. पंचवीस वर्षांहून जुन्या गाडीला ‘ऐतिहासिक’ नंबरप्लेट स्वस्तात मिळते, पण मग ती मिरवणुका, प्रदर्शनं, क्लबांच्या फेऱ्या अशाच कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. अपवाद एकच : ऑगस्ट. ऑगस्टभर ती कशासाठीही चालवा. किराणा आणा, देवळात जा.

ऑगस्टच का, ते वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर उभं राहिलं की कळतं. दर ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी तिथे ‘ड्रीम क्रूझ’ असते. १९९५ साली फर्नडेल या गावात मुलांच्या फुटबॉल मैदानासाठी पैसे जमवायला ती सुरू झाली, आणि आता हजारो जुन्या गाड्या फर्नडेलपासून पॉन्टिअ‍ॅकपर्यंतच्या रस्त्यावर दिवसभर संथपणे वरखाली करतात. रस्त्याच्या कडेला लोक घडीच्या खुर्च्या टाकून पहाटेपासून बसलेले असतात. साठच्या दशकात याच रस्त्यावर रात्री सिग्नल ते सिग्नल शर्यती लागत. रॉयल ओकचं टोटेम पोल आणि ब्लूमफिल्डचं टेड्स ही गाडीत बसूनच खाण्याची ठिकाणं, तिथून गाड्या निघायच्या. कंपन्यांचे इंजिनिअर चाचणीच्या गाड्या घेऊन तिथे यायचे. याच वुडवर्डवर १९०९ साली अमेरिकेतला पहिला मैलभर काँक्रीटचा हमरस्ता झाला.

आम्ही साधी नंबरप्लेट घेतली आहे. पैसे जास्त पडतात. पण जूनमधल्या एखाद्या मंगळवारी शेजारची मुलं शाळेतून आली आणि आइस्क्रीमला जायचं म्हणाली, तर कायद्याला कारण सांगावं लागू नये.

*

चावी देण्याआधी ब्रेक. गाडी वेगात कशी जाते हे कुणालाही लगेच कळतं, ती थांबते कशी हे शिकवावं लागतं. चारही चाकांना ड्रम ब्रेक. एकदा जोरात दाबले की ठीक. डोंगरउतारावर पुन्हा पुन्हा दाबले की तापून मलूल पडतात. त्यातून १९६६ च्या या गाडीत मूळ ब्रेकची तेलवाहिनी एकच असते : एका ठिकाणी गळती झाली की चारही चाकं निकामी. १९६७ पासून दोन वेगळे मार्ग आले. आमच्या गाडीला आम्ही नंतरच्या पद्धतीचा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवला आहे. मूळ भाग खोक्यात नाव लिहून जपून ठेवलाय. गाडी मूळ स्थितीत नाही असं म्हणून प्रदर्शनातले परीक्षक गुण कापतात, कापोत. पाच माणसं बसवायची तर हा बदल हवाच.

नव्या चालकाला आम्ही मोकळ्या पार्किंगमध्ये नेतो. पन्नासच्या वेगातून थांबवायला लावतो. मग क्लच. तो जड आहे, डावा पाय दुखतो. मग गिअर. पॉवर स्टिअरिंग असल्याने रस्ता हाताला फारसा कळत नाही, म्हणून वळणाआधी वेग कमी करायचा, वळणात नाही. एवढं झाल्यावरच हायवेचं नाव काढायचं. आजोबांच्या नातीने हे सगळं न कुरकुरता केलं. माझ्या थोरल्याला अजून धीर नाही.

लहान मुलांचा प्रश्न मी हलका घेत नाही. गाडीत फक्त कमरेचे पट्टे आहेत. १९६८ पासून अमेरिकेत पुढच्या सीटना खांद्याचे पट्टे सक्तीचे झाले, तेव्हाही उघड्या टपाच्या गाड्यांना त्यातून सूट होती, कारण पट्टा अडकवायला वर छतच नाही. म्हणून चिमुरड्यांना आम्ही गल्लीतल्या गल्लीत, सायकलच्या वेगाने फिरवतो. त्यांना तेवढं पुरतं.

*

आई साताऱ्याहून आली तेव्हा तिला मागच्या सीटवर बसायचं होतं. उघड्या गाडीत वारा समोरून लागेल असं वाटतं, पण काचेवरून गेलेली हवा मागे भोवरा करून परत पुढे वळते, त्यामुळे मागे बसणाऱ्याचे केस तोंडावर येतात. तिने पदर खोचला, वर माझा स्कार्फ गच्च बांधला आणि आजोबांना म्हणाली, भाऊ, जरा हळू. त्यांना मराठी येत नाही. त्यांनी वेग कमी केला.

आईला गाडीच्या आकाराचं नवल नव्हतं. लहानपणी मामाकडे मुंबईला प्लिमथची टॅक्सी तिने पाहिली होती. अमेरिकन गाड्यांशी मुंबईचं नातं जुनं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला आणि १९५४ मध्ये बंद केला. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने कुर्ल्याला क्रायस्लरच्या परवान्याने डॉज आणि प्लिमथ जोडल्या. जीटीओ जन्मली तेव्हा शिवडीचा कारखाना बंद होऊन दहा वर्षं झाली होती आणि परदेशी गाडी आणणं जवळजवळ अशक्य झालं होतं. आमच्या पिढीने मसल कार पाहिली ती सिनेमातच.

*

दोन मस्टँग. मस्टँगला जाणकार ‘पोनी कार’ म्हणतात, मसल कार नाही. पण या दोन गोष्टी इथे हव्यात.

पहिली : १७ एप्रिल १९६४ ला मस्टँगचं उद्घाटन व्हायचं होतं. त्याआधी दोन दिवस शिकागोतली एक तरुण शिक्षिका गाडी घ्यायला शोरूममध्ये गेली. तिला उघड्या टपाचीच हवी होती. विक्रेत्याने मागच्या खोलीत कापडाखाली झाकलेली फिकट निळी गाडी दाखवली आणि विकली. ती गाडी तिने रोज शाळेला जायला वापरली, मुलं झाल्यावर मुलांनी वापरली, मग ती बिघडून वर्षानुवर्षं गॅरेजमध्ये पडली, नवऱ्याने निवृत्तीनंतर ती पुन्हा उभी केली. पन्नास वर्षांनंतरही गाडी घरातच होती.

दुसरी : अनुक्रमांक एकची पांढरी मस्टँग, तीही उघड्या टपाची. ती फिरती नमुना-गाडी म्हणून कॅनडातल्या न्यू फाउंडलंडला पोचली आणि तिथल्या एका वैमानिकाने ती विकत घेऊन टाकली. फोर्डला ती परत हवी होती. शेवटी दहा लाख एकाव्या मस्टँगच्या बदल्यात त्याने दिली. आज ती डिअरबॉर्नला हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे, आमच्या घरापासून फार लांब नाही. मी मुलांना घेऊन बघून आले. सुंदर आहे, आणि दोरीच्या पलीकडे आहे. तिने तिथेच असावं. पण मला शाळेला जाणारी निळी गाडी जास्त जवळची वाटते.

*

साठीच्या दशकाच्या मध्यात अमेरिकेत वर्षाला पाच लाखांच्या आसपास उघड्या गाड्या विकल्या जात. दहा वर्षांत त्या संपल्या. गाडी उलटली तर काय, या प्रश्नावर सरकार बंदी आणेल अशी हवा होती. बंदी आली नाहीच, पण कंपन्यांनी आधीच हात आखडता घेतला. एअर कंडिशनर स्वस्त झाले. हायवेवरचा वेग वाढला, आणि त्या वेगात टप उघडा ठेवून गप्पा होत नाहीत. मसल कारचं मरण वेगळ्या दिशेने आलं : तरुण चालकांचे विमा हप्ते, १९७० चा स्वच्छ हवेचा कायदा, कमी शिशाच्या पेट्रोलसाठी १९७१ मध्ये जनरल मोटर्सने उतरवलेलं इंजिनांचं कॉम्प्रेशन, आणि १९७३ चा तेलाचा तुटवडा. शेवटची उघडी जीटीओ १९७१ ची. त्या वर्षी ‘जज’ या तिच्या सर्वांत भडक अवतारात उघड्या टपाच्या फक्त सतरा निघाल्या.

१९७६ मध्ये कॅडिलॅकने ‘शेवटची अमेरिकन उघडी गाडी’ म्हणून एल्डोराडो विकली. लोकांनी ती गुंतवणूक म्हणून घेऊन झाकून ठेवली. १९८२ मध्ये क्रायस्लरने उघड्या गाड्या परत आणल्या, १९८४ मध्ये कॅडिलॅकनेही आणली, आणि झाकून ठेवणाऱ्यांपैकी काही जण कोर्टात गेले. गाडीचं सुख ज्यांनी तेव्हाच घेतलं, त्यांना कोर्टात जायचं कारण नव्हतं.

*

मूळ जीटीओ कुठली आणि साध्या लमाँवर बिल्ले चिकटवलेली कुठली, हा वाद दर प्रदर्शनात होतो. १९६४ आणि १९६५ च्या गाड्यांत क्रमांकावरून ओळखता येत नाही, कारण जीटीओ तेव्हा जादा संच होती. १९६६ ला ती स्वतंत्र मॉडेल झाली. क्रमांक २४२ ने सुरू होतो, उघड्या टपाचा २४२६७ ने. पॉन्टिअ‍ॅकच्या जुन्या नोंदींच्या प्रती पैसे भरून मागवता येतात : कुठल्या विक्रेत्याकडे गेली, कोणते जादा भाग होते. आमच्या नोंदीत रंग, गिअरबॉक्स, टप सगळं जुळलं.

तरीही खोटी जीटीओ घेऊन येणाऱ्याला मी कमी लेखत नाही, तो ती खरी म्हणून विकत नसेल तर. फसवणूक ही विकताना होते. चालवताना मागच्या सीटवरच्या पोरांना क्रमांक कळत नाही.

*

पेट्रोल : कॉम्प्रेशन पावणेअकराला एक, म्हणून सर्वांत महागडं. लिटरला पाच किलोमीटर मिळाले तर चांगला दिवस. आजच्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, त्याने जुने रबरी पाइप मऊ पडून चिरतात, सगळे बदलले. इंजिन ऑइलमध्ये जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं लागतं, नाहीतर जुन्या धाटणीचा कॅमशाफ्ट झिजतो. आणि ही गाडी महिना महिना उभी ठेवली की बिघडते. कार्बोरेटरमधलं पेट्रोल वाळून चिकट होतं, सील सुकतात. तिला फिरवणं हीच निम्मी देखभाल.

*

चार जुलैच्या मिरवणुकीला गावाकडून दरवर्षी विचारणा होते. व्हिएतनाममध्ये लढून आलेले गृहस्थ मागे टपाच्या झाकणावर बसतात, पाय सीटवर. सीटवर आम्ही चादर घालतो. हायवेपेक्षा मिरवणूक गाडीला जड जाते. माणसाच्या चालीने तासभर, पुढे बँडपथक, इंजिनला वारा नाही, क्लच अर्धा दाबलेला. तापमान चढलं की हीटर पूर्ण सोडायचा, म्हणजे थोडी उष्णता त्या वाटेने निघते. जुलैच्या उन्हात पायांवर गरम हवा घेत आजोबा ताठ बसतात. गेल्या वर्षी त्या गृहस्थांनी उतरताना विचारलं की पुढच्या वेळी बायकोला शेजारी बसवलं तर चालेल का. जागा आहे म्हटलं.

*

येत्या शनिवारचं : सकाळी टपाच्या डाव्या दांड्याचं सील बदलायचं, तेल पाझरतंय. दुपारी इथल्या मराठी मंडळातली दोन नवी कुटुंबं येणार आहेत, पुण्याहून नुकतीच आलेली. त्यांना तळ्यापर्यंत दोन फेऱ्यांत न्यायचं. जाताना मी चालवणार. येताना आजोबांची नात. थांबवणं तिला छान जमतं, सिग्नलवरून निघताना क्लच अजून लवकर सुटतो, म्हणून वुडवर्ड सोडून मागच्या रस्त्यांनी यायचं ठरलंय.